अकराव्या महिन्याचं भाडं : घर सुटलेल्या कुटुंबाला मुंबईत पुन्हा उभं करताना

या कामात नव्याने येणारी मंडळी बेघर कुटुंब शोधायला आधी पुलाखाली जातात. तिथे ती असतातच. पण मुंबईत घर सुटलेलं कुटुंब बहुतेक वेळा रस्त्यावर येण्याआधी विखुरतं. बाई आणि मुलं भांडुपला बहिणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळ्यावर, नवरा कामाच्या ठिकाणी गोणपाटावर, सामान गावाकडच्या कुणाच्या तरी गाळ्यात. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर दिवस काढणारी काही कुटुंबंही आजारपणात घर विकून किंवा सोडून आलेली असतात. यातलं कुणीच स्वतःला बेघर म्हणत नाही. "सध्या जरा अडचण आहे," एवढंच सांगतात.

संस्थेत नुकतेच लागलेले, मंडळातले कार्यकर्ते, पालिका शाळेतले शिक्षक, किंवा कामाला येणाऱ्या मावशींची अडचण कळली म्हणून पुढे आलेलं एखादं घर, अशांसाठी हे लिहिते आहे. सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून घ्या. डिपॉझिट भरून खोलीची किल्ली हातात दिली म्हणजे काम झालं, असं समजू नका. मुंबईत भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो. त्या अकराव्या महिन्याचं भाडं कुटुंबाने स्वतःच्या कमाईतून, उसनवारी न करता भरलं तर घर परत मिळालं. नाहीतर आपण फक्त पुढची पडझड लांबवली.

पहिलं : आजची रात्र

पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका, फोटो तर मुळीच काढू नका. तीनच गोष्टी विचारा. आज रात्री कुठे झोपणार? सोबत लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस आहे का? घरातल्या कुणापासून धोका आहे का? तिसरा प्रश्न बाईला एकटीला गाठून विचारा, नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर नाही.

धोका असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. मुंबईत काही पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये हे काम सुरू केलं. तिथे प्रशिक्षित समाजसेवक बसतात. घाबरलेल्या बाईला थेट ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभं करण्यापेक्षा आधी तिथे नेलेलं बरं.

धोका नसेल आणि जागाच नसेल, तर शहरी बेघरांसाठीची निवारा केंद्रं आहेत. एक लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास चालणारं केंद्र असावं, असा दंडक सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणातून आला आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात उतरला. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे केंद्रं हवीत. प्रत्यक्षात तेवढी नाहीत. जी आहेत त्यांतली बरीच फक्त पुरुषांसाठी किंवा फक्त मुलांसाठी आहेत. आई-बाप-मुलं एकत्र राहतील अशी जागा मिळणं कठीण. म्हणून आधी फोन करा. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये समाजविकास अधिकाऱ्यांना विचारा, आणि जागा आहे हे पक्कं झाल्यावरच कुटुंबाला टॅक्सीत बसवा. सामानासकट दारातून परत फिरावं लागलं की ती माणसं पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

नातेवाइकांकडे राहत असतील तर तो आधार टिकवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. ज्या बहिणीने आसरा दिलाय, तिच्या घरात चारांऐवजी आठ माणसं झाली आहेत. सिलिंडर लवकर संपतो, लाईट बिल वाढतं, संडासच्या रांगेवरून वस्तीत बोलणी बसतात. पंधरा-वीस दिवसांत भाऊजींचा सूर बदलतो. अशा वेळी यजमान घराला एक सिलिंडर आणि महिन्याचं धान्य दिलं तर दोन महिन्यांची उसंत मिळते. ही मदत कुटुंबाच्या हातून द्या. "ताई, हे आमच्याकडून," असं म्हणता आलं की मान ताठ राहते आणि नातंही तुटत नाही.

दुसरं : घर कशाने सुटलं

कारण समजल्याशिवाय खोली शोधायला निघू नका. कारणानुसार ठोठवायचं दार बदलतं.

मारहाणीमुळे बाई बाहेर पडली असेल तर कदाचित तिला नवं घर शोधायची गरजच नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरीही. कलम १९ खाली न्यायालय राहण्याबाबत आदेश देऊ शकतं, नवऱ्याला घराबाहेर राहायला किंवा तिला दुसऱ्या जागेचं भाडं द्यायलाही सांगू शकतं. वकिलाचा खर्च नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. अर्थात परत जायचं की नाही हे तिने ठरवायचं. "मुलांसाठी जुळवून घे" हा सल्ला देणारे तिच्या आसपास भरपूर आहेत. त्यात आणखी एकाची भर नको.

झोपडी तुटली असेल तर पहिला प्रश्न पुराव्यांचा. १ जानेवारी २००० पूर्वीपासूनच्या पात्र झोपडीधारकाला पुनर्वसनातलं घर मोफत, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून, असा नियम आहे. पात्र-अपात्र यादीला सगळे 'परिशिष्ट दोन' म्हणतात. सर्वेक्षणाची पावती, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), जुनं लाईट बिल, त्या वर्षीच्या मतदार यादीचा उतारा, मुलांच्या शाळेचा दाखला, जे सापडेल ते जमा करा. यादीत नाव 'अपात्र' आलं म्हणून कागद फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. अपील करता येतं, आणि अपिलात हेच कागद लागतात. मात्र हे प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. तो लढा एका बाजूला चालू द्या, पण भाड्याच्या खोलीची तयारी त्याच्यावर थांबवू नका.

आजारपण हे सगळ्यात चोरपावलांनी येणारं कारण. आधी बाईच्या कानातलं जातं, मग डिपॉझिट मोडतं, मग खोली. उपचार अजून चालू असतील तर गळती आधी तिथे बुजवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्याच आजारांवर. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, कुठेही असा, वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग शोधा. दाखल व्हायच्या दिवशी त्यांना भेटलात तर बरंच होतं, बिल झाल्यावर गेलात तर थोडंच.

भाडं थकल्याने घर गेलं असेल तर त्यामागे बहुधा कर्ज असतं. त्याकडे चौथ्या पायरीत येते.

तिसरं : एक प्लास्टिकची फाईल

चेन असलेली, पाणी न शिरणारी फाईल घ्या. मुंबईच्या पावसात ही चैन नाही. त्यातले मूळ कागद कुटुंबाकडेच राहतील. तुम्ही फोनवर फोटो काढून त्यांच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. मूळ आधार कार्ड 'काम होईपर्यंत' स्वतःकडे ठेवणारा कार्यकर्ता आणि एजंट यांत लोकांना फरक दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सगळी गाठ पत्त्याशी येऊन अडते. पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून खोली नाही. ती सोडवायच्या काही वाटा :

निवारा केंद्रात राहत असतील तर केंद्रप्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. खोली मिळाल्यावर नोंदणी झालेला भाडेकरार हा पत्त्याचा पुरावा होतो. तो एकाच्या आधारवर चढला की बाकीच्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलता येतो, ही सोय जानेवारी २०२३ पासून आहे.

मतदार नोंदणीसाठी बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात जिथे झोपतो ती जागा लिहायची. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन माणूस खरोखर तिथे असतो का ते पाहतो. नियम असा आहे. प्रत्यक्षात त्या अधिकाऱ्याला फोन करून करून बोलवावं लागतं.

शिधापत्रिकेबाबत एक गैरसमज पक्का बसलाय, की गावचं कार्ड मुंबईत चालत नाही. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे अन्न सुरक्षा योजनेतलं कार्ड जालन्याचं असो की जौनपूरचं, अंगठा लावून मुंबईतल्या रेशन दुकानात धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला (सगळ्यात गरीब गटाला) कार्डावर ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सासू गावी असेल तर तिचा हिस्सा ती गावी उचलू शकते. ई-केवायसी (आधारवरून ओळख-पडताळणी) राहिलेल्या सदस्याचं धान्य मात्र अडतं, ते आधी तपासा. नवं कार्ड काढायचं तर विभागाच्या शिधावाटप कार्यालयात. शहरी भागात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. मुंबईत दोन माणसं कमावणारं कुटुंब त्यात कागदावर बसवणं किती अवघड आहे, हे तुम्हाला लवकरच कळेल.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तालुके आहेत. चुकीच्या तालुक्यात रांग लावून अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी घालवणारे कमी नाहीत, म्हणून निघण्याआधी पत्ता कुठल्या तालुक्यात येतो ते बघा. अर्ज केला की पोच घ्याच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या सेवांना मुदत आहे, आणि मुदत टळली तर अपील आहे. पण पावती नसेल तर मुदत सुरूच झाली नाही असं समजा. बहुतेक दाखल्यांना २०१५ पासून प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस स्टॅम्प पेपर विकायला बघेल. आधी आत विचारा.

मुलांची शाळा कागदांसाठी थांबवू नका. शिक्षण हक्क कायदा स्पष्ट आहे. वयाचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला आला नाही, वर्ष अर्धं उलटलं, यांतल्या कशानेही प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयानुसार वर्गात बसतं. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत आहेत. माध्यम बदलू नका, शाळा बदलली तरी.

चौथं : वहीतला खरा हिशेब

आता खरं कठीण काम. एक वही, आणि नवरा-बायको दोघं समोर. एकट्याशी केलेला हिशेब खोटा निघतो. मुद्दाम कुणी फसवत नाही. दोघांनी एकमेकांपासून थोडंथोडं लपवलेलं असतं. भिशीचा हप्ता, किराणावाल्याची उधारी, गावच्या भावाला पाठवलेले पैसे, रोजची क्वार्टर. पहिल्या बैठकीत सगळं बाहेर येणार नाही. रागावू नका, तिसऱ्या बैठकीत येतं.

उत्पन्न लिहिताना चांगला महिना धरायचा नाही. उदाहरण घेऊ. नवरा बांधकामावर हेल्पर, रोज ६०० रुपये. चांगल्या महिन्यात चोवीस खाडे-विरहित दिवस, म्हणजे १४,४००. बायकोची धुणीभांडी ८,०००. एकूण २२,४०० झाले. जुलैमध्ये मात्र काम बारा दिवस, म्हणजे ७,२००, आणि एकूण १५,२००. भाडं उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवायचं तर पहिल्या हिशेबाने साडेसात हजारांची खोली परवडते, दुसऱ्याने पाच हजारांची. घर पावसाळ्यात सुटतं ते या अडीच हजारांमुळे. खोली जुलैच्या हिशेबाने घ्या. तेवढ्यात मिळत नसेल, तर जूनच्या आधी तो फरक बाजूला साठवायचा, आणि हे वहीत आत्ताच लिहायचं.

कर्जांचे दोन ढीग करा. पहिला मायक्रोफायनान्सच्या गटकर्जांचा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीचा माणूस सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येऊ शकत नाही. हे वसुलीवाल्याला शांतपणे, साक्षीदारासमोर सांगायचं. मग शाखेत जाऊन हप्ते लांबवून मागायचे, लेखी. दुसरा ढीग सावकाराचा. वस्तीत 'दहा टक्के' म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला एकशेवीस. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. पण तक्रार करायची की नाही हे कुटुंबाने ठरवावं. सावकार त्याच गल्लीत राहतो, तुम्ही नाही. बऱ्याचदा चाळीतल्या एखाद्या वजनदार काकांना मध्ये घालून व्याज थांबवून मुद्दल हप्त्यांनी फेडायचं ठरतं. मला ते तक्रारीपेक्षा वाईट वाटत नाही.

आणि तुम्ही स्वतः कुटुंबाला कर्ज देऊ नका. द्यायचे असतील तर मदत म्हणून द्या, नाहीतर नाही म्हणा. उसने दिले की पुढच्या महिन्यात ती ताई तुम्हाला चुकवून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागते, आणि मग खरी अडचण तुम्हाला कधीच कळत नाही.

पाचवं : खोली

नवख्या मदतनीसाला स्वस्त खोलीचा मोह होतो. नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे कुर्ल्याच्या मानाने कमी भाड्यात मोठी खोली, वर नळ आणि स्वतःचा संडास. कागदावर फायदाच दिसतो. पण ताईची कामं घाटकोपरला सकाळी सातला सुरू होतात. तिला दिव्याहून पावणेसहाची गाडी पकडायची, त्याआधी पाणी भरायचं, डबे करायचे. मुलं एकटी. दोन महिन्यांत कामाचं एक घर सुटतं, मग दुसरं. भाड्यात वाचलेले दोन हजार तिथेच जातात, आणि शाळा बदललेली असते ती वेगळीच. म्हणून खोली शोधताना नकाशावर आधी तिची कामाची घरं, नवऱ्याला रोजचं काम मिळतं तो नाका आणि मुलांची शाळा मांडा, भाडं त्यानंतर बघा. लहान खोली चालेल, माळ्यावरची चालेल, पण कामापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर. मोठ्या मुली असतील तर संडास किती लांब आहे आणि वाटेवर दिवा आहे का, हे रात्री जाऊन बघा. दिवसा सगळ्याच गल्ल्या बऱ्या दिसतात.

खोली सापडल्यावर :

ज्याला पैसे देताय तोच मालक आहे का, ते लाईट बिलावरून आणि त्याच्या कागदांवरून बघा. "मालक गावी आहे, मीच बघतो" हे वाक्य ऐकलं की मालकाशी व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

पुनर्वसन इमारतीतली खोली असेल तर वाटपपत्र कुणाच्या नावाचं आहे ते विचारा. या घरांच्या हस्तांतरावर निर्बंध असतात आणि तपासणीत मूळ लाभार्थी सापडला नाही तर राहणाऱ्याला नोटीस येते.

'हेवी डिपॉझिट' टाळा. महिन्याचं भाडं नाही, पण चार-पाच लाख एकरकमी मालकाकडे, असा हा व्यवहार. भाडं वाचतं म्हणून लोकांना आवडतो. ती रक्कम मात्र कुणाची तरी सोनं गहाण ठेवून आणलेली असते आणि मालकाने ती मुलीच्या लग्नात खर्चलेली असते. परत मागायची वेळ आली की दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत थांबा म्हणतात.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. वस्तीतले मालक सहसा नाही म्हणतात, खर्चाचं कारण देतात. सहा-सात हजार भाड्याच्या खोलीला मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,००० रुपये, बाकी जो काही फुगवटा तो एजंटचा. नोंदणी ऑनलाइन होते. निम्मा खर्च तुम्ही द्यायची तयारी दाखवा, बरेच मालक तयार होतात. पोलीस व्हेरिफिकेशनही त्याच वेळी उरकून घ्या. त्यात मालकालाही निवांतपणा असतो.

डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने, मालकाच्या नावावर. ब्रोकरच्या हातात रोख नाही. संस्था डिपॉझिट देत असेल तर खोली सोडताना ते कुणाचं, हे करारावेळीच लिहून ठेवा. माझं मत स्पष्ट आहे : ते कुटुंबाचं असावं. आणि थोडी का होईना, दोन-पाच हजारांची रक्कम त्यांची स्वतःची त्यात असावी.

शेवटी, आत जाण्यापूर्वी मीटरचं रीडिंग, भिंतींची ओल, गळणारे पत्रे यांचे फोटो. डिपॉझिटमधून 'रंगाचे' पैसे कापले जातात तेव्हा हेच कामी येतात.

सहावं : कमाई

"यांना काहीतरी नवं शिकवू या" ही सूचना कुणीतरी बैठकीत करतंच. शिवणकाम, ब्युटी पार्लर, पापड. करा, पण पहिल्या सहा महिन्यांत नको. आधी जे काम हातात आहे ते टिकवा आणि वाढवून घ्या. दोन घरांची तीन करता येतील का? पगार वेळेवर मिळतो का? पाळणाघर नाही म्हणून बाई अर्धा दिवसच काम करते का? असेल तर जवळची अंगणवाडी किंवा शेजारच्या आजींना महिन्याला ठरावीक पैसे, हा शिलाई मशीनपेक्षा मोठा आर्थिक कार्यक्रम आहे.

नवरा बांधकामावर असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र हवं. ठेकेदार ते देताना टाळाटाळ करतो, त्याच्यामागे लागावं लागतं. पण मुलांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंतच्या मदतीसाठी ते फायद्याचं. घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने मंडळ झालं. नोंदणी जरूर करा, मात्र त्याच्या भरवशावर वहीत काही लिहू नका. फेरीवाल्यांना पंतप्रधान स्वनिधीतून विनातारण कर्ज मिळतं. पहिला टप्पा १०,००० होता, २०२५ मध्ये तो १५,००० केला. वेळेवर फेडलं तर पुढचा. यासाठी पालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. जुनं कर्ज फेडायला हे पैसे वापरायचे नाहीत, हे आधीच ठरवून घ्या.

दर महिन्याला येणारी छोटी रक्कम भाड्याला मोठा टेकू देते. लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना १,५०० रुपये, संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांना १,५००. एकीचा लाभ चालू असताना दुसरी धरली की पुढे वसुलीची भानगड होते, म्हणून एकच निवडा. एक पालक गेलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. एकट्या आयांना ही योजना माहीतच नसते. या पैशांसाठी बाईच्या नावावर वेगळं जनधन खातं असू द्या, आणि त्यातूनच भाडं जाऊ द्या. ज्या खात्याचं एटीएम नवऱ्याच्या खिशात आहे ते बाईचं खातं नव्हे.

सातवं : पुढचे महिने

सामान लागलं, देव मांडले, पहिला चहा झाला, की मदत करणारे पांगतात. खरी देखरेख तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागते. मदतीचा ओघ तेव्हा आटलेला असतो आणि जुने घेणेकरी नवा पत्ता शोधून काढतात.

महिन्यातून एकदा जा, भाड्याच्या तारखेच्या पाच-सहा दिवस आधी. तारखेनंतर गेलात तर फक्त हकिगत ऐकायला मिळेल. मुलं शाळेत जातात का, वही लिहिली जाते का, गळ्यातलं जागेवर आहे का, हे चहा पिता पिता दिसतं. मंगळसूत्र मोडून काळी पोत आली असेल तर विचारा, पण मुलांसमोर नाही. भाडं भरायला कमी पडत असेल तर कमी पडणारा भागच द्या, पूर्ण भाडं नको, आणि तो सलग दुसऱ्या महिन्यात लागला तर वही पुन्हा उघडा. वस्तीतल्या बचत गटात बाईला नेऊन सोडा. महिन्याला शंभर-दोनशे का असेना. अडीअडचणीला सावकाराऐवजी जायला तिला एक जागा होते, आणि तुमच्याऐवजीही.

गौरी-गणपतीला गावी जायचं, दिवाळीला मुलांना कपडे, जूनमध्ये शाळेचा खर्च, या तारखा कुटुंबाला ठाऊक असतात. तुम्हाला त्या फाजील खर्च वाटतील. गावी न गेलेलं कुटुंब गावाकडच्या आधारालाही मुकतं, म्हणून तो खर्च कापायला सांगण्यापेक्षा मार्चपासून वहीत बसवा.

नवव्या महिन्यात मालकाशी बोलणं करा. अकराव्यात केलं तर त्याचा दर तुम्हाला घ्यावा लागतो. करार पुढे वाढवणार का, भाडं किती वाढणार, ब्रोकर पुन्हा ब्रोकरेज मागणार का, नोंदणी कोण करणार, हे चार प्रश्न कुटुंबाने स्वतः विचारायचे. तुम्ही सोबत बसा, पण बोलू नका. वाढलेलं भाडं जुलैच्या हिशेबात बसत नसेल तर दुसरी खोली शोधायला अजून दोन महिने हातात आहेत, आणि शोधायची कशी हे आता त्यांना येतं. त्याच शाळेच्या अंतरात, त्याच कामाच्या घरांजवळ. जुन्या मालकाकडून डिपॉझिट कधी आणि कसं परत मिळणार, याची तारीख मात्र लेखीच घ्या.